तिसरा साउंडबार

हॅलो?

हो, बोल चिमे… अगं, घरीच आहे मी, कुठे जाणार? … नाही, झोपले नव्हते. सकाळी रेकॉर्डिंग होतं. … खारच. नऊ वर्षं झाली, कार्टूनमधल्या खारीलाच आवाज देतेय मी अजून. आज ती झाडावरून पडते, तर सात वेळा किंचाळून घेतलं माझ्याकडून. घसा पार बसलाय. तुझी सकाळपाळी होती ना केसपेपरच्या खिडकीवर? दमली असशील. … हं. … हं. … रोजचंच ते.

हो… हो, तेच सांगतेय, अगं ऐक ना! टीव्हीचा तो तिसरा साउंडबारही येऊन चार दिवस झाले. आज पाच वाजता दुकानवाला विचारायला येणार आहे, ठेवताय की परत नेऊ म्हणून. … आत्ता चार वाजून वीस मिनिटं. … ठरवायलाच हवं म्हणजे काय! एकेक बार चार-चार दिवस घरी लावून बघू देणारा दुकानदार आजच्या काळात मिळतो का? आणखी किती छळू त्या माणसाला?

पहिल्याचं? सांगितलं होतं की तुला. आवाज स्वच्छ, पण उशिरा यायचा. ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून. … तुला नसतं कळलं. मला कळतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओठांवर शब्द बसवतेय मी, पाव सेकंद हुकला तरी कानाला खटकतं. दुकानवाला म्हणाला, सेटिंगमध्ये कमी-जास्त करता येतं. केलं. तर मग शब्द आधी आणि ओठ मागून! म्हटलं, न्या बाबा परत.

दुसऱ्याबरोबर तो ठोकळा होता ना, जमिनीवर ठेवायचा… सबवूफर, हां, तोच. अगं, टीव्हीत कुणी दार आपटलं की माझ्या कपाटातल्या बश्या थरथरायच्या. खालचे मास्तर वर आले, म्हणे, भिंत पाडताय का? … हसू नकोस. आणि एवढं करून माणसं काय बोलतात ते कळायचंच नाही. धडाम तेवढं घरभर, बोलणं मात्र जिथल्या तिथे. मला बोलणं ऐकायचंय गं, गडगडाट घेऊन काय करू?

टीव्हीचा स्वतःचा आवाज? तो मागच्या बाजूने येतो. स्पीकर पाठीमागे आणि टीव्ही टांगलेला भिंतीला. म्हणजे टीव्हीने भिंतीशी बोलायचं आणि आपण कान देऊन बसायचं. तुझे भावजी हेच म्हणायचे. … हो. शेवटी शेवटी तर फारच. 'एक बार आणू या, एक बार आणू या.' मी म्हणायचे, आणू सावकाश. राहून गेलं.

… हो गं, माहितीय, तू भेट देतेयस. साठीची भेट. हजारदा सांगितलंस. मी कुठे नको म्हणतेय? पण भेट देणाऱ्याने एकदा येऊन बघावी तरी. … दर वेळी तुझं काहीतरी असतंच. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी पाणी येणार आहे. वीस मिनिटांवर राहतेस, चिमे. हे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, एकदाही या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. भेटायचं तर बागेत, नाहीतर तुझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर. … बरं, राहिलं. नाही बोलत.

तिसरा? … तिसऱ्याचंच सांगायचंय.

… बरा आहे. चांगला आहे. म्हणजे फारच चांगला आहे, तीच तर पंचाईत झालीय.

कसा म्हणजे… लांबट, काळा, टीव्हीच्या खाली ठेवलाय. तीन स्पीकर आहेत त्यात, दोन कडेला आणि एक मधोमध. बोलणं सगळं मधल्यातून येतं. आणि रिमोटवर एक बटण आहे, त्याच्यावर तोंडाचं चित्र. ते दाबलं ना, की संगीत, गाड्या, पाऊस, सगळं मागे हटतं आणि माणसांचे आवाज पुढे येतात. सगळ्यांचे. नायिकेचा तर येतोच, पण तिच्या मागे भाजी निवडणाऱ्या बाईचाही येतो. … कळतंय का मी काय म्हणतेय?

मागची माणसं, चिमे. गर्दी.

… हो ना. ह्यांचं कामच होतं ते, गर्दीला आवाज द्यायचं.

हो… आला. त्यांचा आवाज आला. … नाही, आत्ता नाही रडत. पहिल्यांदा रडले. त्या जुन्या मालिका परत दाखवतात ना दुपारच्या, त्यातली एक लागली होती. बाजाराचा प्रसंग. नायिका घासाघीस करतेय आणि मागून हे, अगदी माझ्या शेजारी सोफ्यावर बसून बोलावं तसे. 'कांदे संपलेत गं, येताना आण.'

अगं, खरंच! तुला माहीत नाही हे? गर्दीत काय बोलायचं ते कुणी लिहून देत नाही. सहा-सात जणांना माइकभोवती उभं करतात आणि सांगतात, पुटपुटा. मग कुणी पाढे म्हणतं, कुणी सासूचा उद्धार करतं. हे मला निरोप द्यायचे. तो भाग टीव्हीवर लागला की मी कान टवकारून बसायचे. बऱ्याचदा कळायचंच नाही, आणि विचारलं की नुसते गालात हसायचे. कोर्टातल्या गर्दीत एकदा म्हणाले होते, 'त्या निळ्या रंगात फार छान दिसतेस.' तीन महिने लागले मला ते शोधायला. … हो, वेडेच होते. वेडेच होतो आम्ही दोघं.

म्हणून तर म्हटलं, हा बार ठेवायचाच. किती निरोप ऐकायचे राहिलेत कोण जाणे, एकेक शोधत बसेन. म्हातारपणाला काम मिळालं.

मग अडलं कुठे? … सांगते ना, सांगते. तू काय चिरतेयस का? खटखट ऐकू येतेय. … मग ठेव ती सुरी खाली आणि नीट ऐक.

रविवारी मी ती नवी मालिका बघत होते. … नवीच गं. याच वर्षी सुरू झालीय, आत्याबाईला आवाज माझाच आहे ना तिच्यात. पडद्यावर माझाच संवाद चालू होता आणि माझ्या आवाजाच्या मागून ह्यांचा आवाज आला. 'दिवा बघू नकोस. दार ढकल.'

… हो, एवढंच. म्हणजे पुढे अजून काहीतरी आहे, पण तिथे आवाज बुडाल्यासारखा होतो. शब्द लागत नाहीत.

… मलाही आधी तेच वाटलं. स्टुडिओत जुन्या गर्दीचे ट्रॅक जपून ठेवतात, नव्यात परत वापरतात. म्हटलं, तसंच असेल. सोमवारी आमच्या रेकॉर्डिस्टला विचारलं. भला माणूस, त्याने उघडून बघितलं. म्हणाला, बाई, या प्रसंगात गर्दीच नाही. तुम्ही आणि दारातला नोकर, दोघंच आहात.

भास? … भास म्हण. पण मी कानांवर पोट भरते, चिमे. खोलीत डास कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळे मिटून सांगते. आणि भास एकदा होतो. हा सोमवारी हॉस्पिटलच्या प्रसंगात आला. परत कोर्टाच्या प्रसंगात आला. आणि काल हवामानाच्या बातम्यांत. आता हवामानाच्या बातम्यांत कसली आलीय गर्दी? एकटी मुलगी नकाशापुढे उभी. ती सांगतेय, तापमान तीन अंशांनी उतरेल, आणि मागून हे. 'दिवा बघू नकोस. दार ढकल.' दर वेळी तोच सूर. चिडलेला नाही, घाबरलेला नाही. कामाचं बोलावं तसा.

… नाही गं, भीती कसली, आपल्याच माणसाची. … बरं, वाटली. वाटली म्हणूनच काल उठून टीव्ही बंद करून टाकला. आणि मग तर…

टीव्ही बंद असतानाच आला.

हॅलो? … आहेस ना?

हो, पूर्ण बंद. बार मात्र चालूच राहतो. त्याच्या पोटाशी एक बारीक लाल ठिपका आहे, तो पेटून असतो. त्या ठिपक्याकडे बघत मी बसले होते, घरात चिटपाखरू नाही, आणि मधल्या स्पीकरमधून हे बोलले. … एकटीने ऐकलं असतं तर मीही भासच म्हटलं असतं. पण आज सकाळी खाली मास्तर भेटले. म्हणाले, पाहुणे आलेत वाटतं, काल पुरुषमाणसाचा आवाज येत होता. … काय सांगणार? म्हटलं, हो, आलेत.

मला वाटलं, हे त्या ठिपक्याबद्दलच म्हणतायत. म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावली. … मग काय करणार! दिवा बघू नकोस म्हणाले, नाही बघत. आता दार कुठलं ढकलायचं? बाथरूमचं ढकललं. बाल्कनीचं ढकललं. कपाटाची दारं ढकलली, ती तर ओढायची असतात. फ्रिजसुद्धा ढकलून बघितला. … हस, हस. मलाही हसू आलं होतं.

पण खरं सांगू? मला आशा वाटतेय. ते तीन मिस्ड कॉल गं. … हो, परत तेच. दोन वर्षं मी तेच उगाळत बसलेय, तुझे कान किटले असतील. पण हे गेले त्या दिवशी मी तिकडे स्टुडिओत, काचेच्या खोलीत, आणि फोन बाहेर टोपलीत. सगळ्यांचे फोन टोपलीत, ही शिस्तच आहे तिथली. तीनदा फोन केला त्यांनी मला. काय सांगायचं होतं? मदत मागत होते की कांदे आण म्हणत होते, एवढं मला कळायला हवं. काहीही असो, पण कळायला हवं. ते न कळता मरायचं नाहीये मला. … जाऊ दे कसं म्हणतेस? दर वेळी जाऊ दे म्हणतेस. मला वाटतं, तेच ते सांगतायत आता. आणि मेलं मलाच अर्धं ऐकू येतंय.

एक मिनिट. कुणीतरी खोकलं. … बाहेर, जिन्यात. … नाही, दार नाही वाजवलं कुणी. थांब हं, बघते. फोन ठेवू नकोस.

कोण आहे? … अगं बाई, दादा, तुम्ही! पाच वाजता येणार होतात ना? आणि जिन्यावर का बसलात असे? … केव्हापासून? … पंधरा मिनिटं! अहो, मग दार वाजवायचं ना. … कुठली पाटी? … ही होय. ही जुनी आहे, हे घरी रेकॉर्डिंग करायचे तेव्हाची, काढायची राहून गेली… कुठला दिवा?

…

चिमे? आहेस? … दुकानवाला आलाय. पंधरा मिनिटं जिन्यात बसून होता. म्हणे, दारावर पाटी आहे, 'लाल दिवा लागला असेल तर दार वाजवू नये', आणि दिवा लागलाय, म्हणून थांबलो.

हो. लागलाय. मी त्याच्याखालीच उभी आहे आत्ता.

कसा म्हणजे? मला काय माहीत कसा! हे गेल्यावर मी वायर तोडून घेतली होती त्याची. वायरमनने माझ्यासमोर पकडीने तोडली. ते बघ, टोक इथेच लोंबतंय. … नाही, दुसरी वायर नाही. बटण आतल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत, आणि त्या खोलीला दोन वर्षं कुलूप आहे.

दादा, तुम्हालाही हा लागलेलाच दिसतोय ना? … हो ना. … नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. असं करा, खाली जाऊन चहा घ्या, दहा-पंधरा मिनिटांनी या, मग सांगते ठेवायचा की न्यायचा. आणि परत याल ना, तेव्हा असे बाहेर बसू नका. हा दिवा बघू नका, सरळ दार…

…

चिमे.

हा दिवा गं. बारचा ठिपका नव्हे, हा. आणि दार हे.

… थांब, मला बसू दे. जिन्यावरच बसते. … गेला तो खाली. … हीच पायरी होती बघ, वरून तिसरी.

… त्या दिवशीची. तुला सगळं कुठे सांगितलंय मी. ऐक. स्टुडिओतून बाहेर आले, टोपलीतून फोन घेतला, तीन मिस्ड कॉल. मी लावला, त्यांनी उचलला नाही. म्हटलं, घरी रेकॉर्डिंगला बसले असतील. साडेतीनला पोचले, तर हा दिवा लागलेला. आमच्या घरचा नियमच होता, दिवा लागला की मीसुद्धा दाराला हात लावायचा नाही. कडीचा आवाजही माइक पकडतो. बेल तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काढून टाकली होती. मी आपली पिशवी घेऊन इथे बसले. पिशवीत मटार होते. म्हटलं, दिवा विझेपर्यंत सोलून होतील. किलोभर सोलले, चिमे. पन्नास मिनिटं. मास्तर जाता-जाता म्हणाले, आज नवऱ्याने बाहेर ठेवलं वाटतं. आणि मी हसले. हसले मी.

मटार संपले तरी दिवा विझेना, तेव्हा उठून दाराला हात लावला. ते नुसतं लोटलेलं होतं. बोट लावल्याबरोबर उघडलं. आणि समोरच खुर्चीत… डॉक्टर म्हणाले, पाऊण तास आधी आणलं असतं तर. … हो, म्हणाले. तुला नव्हतं सांगितलं. कुणालाच नव्हतं सांगितलं.

आणि तेव्हापासून मला एकच कोडं, हे कडी लावायला कसे विसरले? मी बाहेर गेले की लगेच कडी लावायचे, जन्मात कधी विसरले नाहीत. … विसरले नव्हतेच. काढून ठेवली होती. मी आत यावं म्हणून काढून ठेवली होती, आणि मी बाहेर बसून मटार सोलत होते.

चिमे? … ऐकतेयस ना?

… काय? तेच परत? 'दिवा बघू नकोस. दार ढकल.' आणि पुढचं लागत नाही, म्हटलं ना तुला.

काय म्हणालीस?

परत म्हण.

… 'चपला काढत बसू नकोस. तशीच आत ये.'

…

हे मी तुला सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं तर सांगणार कुठून? … तुला कसं माहीत?

रडू नकोस. आधी बोल. तुला कसं माहीत, चिमे?

… फोन आला होता. तुला. … कधी? … त्याच दिवशी. पावणेतीनला. … हं. … मी उचलत नव्हते म्हणून तुला केला. … हं. … तुझी दुपारपाळी, खिडकीसमोर रांग. … 'ताईला एवढा निरोप दे.' … शब्द न् शब्द हेच. … आणि तू म्हणालीस, देते.

… आणि?

… विसरलीस.

नाही, ठेवला नाही फोन. ऐकतेय. बोल. … आवाज कसा होता त्यांचा? … नेहमीसारखा. … तू विचारलंस, काय विशेष, तर हसले. … अगं, त्यांचा आवाज नेहमी नेहमीसारखाच असायचा. एकशे तीन ताप अंगात असताना जाहिरातीत 'ताजेतवाने व्हा' म्हणून यायचा हा माणूस. त्याच्यावरच तर घर चाललं आमचं. तुला कसं कळणार होतं? … नाही, तुझी बाजू घेत नाहीये मी. इतक्यात नाही.

दोन वर्षं, चिमे! दर आठवड्याला मी तुला विचारलं, काय गं सांगायचं असेल त्यांना? आणि तू म्हणायचीस, जाऊ दे ताई, कांदे आण म्हणत असतील. असं म्हणायचीस तू. मला! … म्हणून येत नव्हतीस होय. गुडघा नव्हता, पाहुणे नव्हते, हे दार होतं. … आणि भेटसुद्धा त्याचसाठी.

… मला राग आलाय. खूप आलाय. … नाही, माफी नको मागूस. जरा गप्प राहा. फोन ठेवू नकोस, पण गप्प राहा. मला बसू दे थोडा वेळ.

…

…

आहेस? … हं.

मदतच मागत होते. कळलं. … हो, वाईटच आहे. पण कळलं. मला वाटायचं, मी फोन उचलला नाही आणि ते तिथेच एकटे पडले. तसं नव्हतं. मी येणार याची खात्री होती त्यांना. उठून कडी काढली, निरोप ठेवला आणि वाट बघत बसले. बटण आतल्या खोलीत, तिथवर परत जायचं त्राण नसेल राहिलं, म्हणून हा दिवा तसाच. म्हणून तर म्हणाले, बघू नकोस.

… तू एकटीने नाही मारलंस त्यांना. असलं काही बोलू नकोस. तू निरोप विसरलीस. मी उघड्या दाराबाहेर बसले. आणि तो नियम आम्हीच दोघांनी केलेला, मोठ्या कौतुकाने पाटी लावून. तिघांचं मिळून झालं ते. … तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. राग जाणार नाही माझा लगेच, जायचा तेव्हा जाईल. पण तो घेऊन मी जाऊ कुठे? तुझ्याशिवाय मला आहे कोण?

थांब… आतून आवाज येतोय. … बारमधून. … तेच. अगं, आता पूर्ण लागतंय. 'चपला.' चपलाच म्हणतात. किती स्वच्छ… तुला नाही ऐकू येत? मी दारातच उभी आहे. … नाही? बरं, असू दे.

काय वाजलं ते? कुठे निघालीस? … आत्ता? … अगं, नको कशाला म्हणेन! ये. मीच म्हणतेय ना, ये. … कुठलं तोंड म्हणजे? आहे तेच आण, दुसरं कुठून आणणार आहेस. … गॅस बंद केलास का? बघ आधी. … मग नीघ.

हो, अजून लागलेलाच आहे. म्हणून तर सांगते, नीट ऐक, आणि या वेळी विसरायचं नाही. दिवा बघू नकोस. दार ढकल. चपला काढत बसू नकोस, तशीच आत ये.

… काय? … नाही गं, मी एकदाच म्हटलं. … दोनदा ऐकलंस? … मग दुसऱ्यांदा कुणी म्हटलं?

… हं.

… हो. त्यांचाच आवाज असणार.

नाही, नाही, घाबरू नकोस. सावकाश ये, जिन्यात जपून. … दुकानवाला येतोय वर, त्याला सांगते, बार ठेवलाय म्हणून. … हो गं, ये तू. आम्ही दोघंही घरीच आहोत.

ठेवते.